भिंतीकडची ओळ

"आई, ही रेघ बघ," सुरेंद्र म्हणाला आणि त्यानं छापलेला कागद माझ्या पुढ्यातल्या सुपातच ठेवला.

सुपात काजूचा गर होता. अख्खा, पांढरा, निवडून झालेला. त्यावर तो गुळगुळीत कागद पडला.

"आधी उचल तो," मी म्हटलं. "लोकं खातात हे."

त्यानं कागद उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरला. खालून वर तिरपी चढत गेलेली तांबडी रेघ, आणि तिच्या आजूबाजूला काळे ठिपके.

"हे ठिपके म्हणजे आपल्या बायका. चौतीस बायका, चौतीस ठिपके."

"मला तर माश्या बसल्यासारख्या दिसतात."

"आई, ऐक की. आडवं मोजलं तर बाई किती वर्षं कामाला आहे ते. उभं मोजलं तर शंभर किलो गरामागे ती किती किलो मोडते ते. जशी वर्षं वाढतात तसा तुकडा वाढतो. दर वर्षाला अर्धा किलो."

रेघेच्या पार वरच्या टोकाला एक ठिपका होता, रेघेला चिकटलेला. सुरेंद्रनं त्याच्याशेजारी बारीक अक्षरांत नाव लिहिलं होतं. मी तिसरी शिकलेली, पण तेवढं वाचता येतं. मल्लव्वा.

"एकतीस वर्षं," तो म्हणाला. "शंभरात चोवीस किलो तुकडा. आणि काल आलेल्या पोरी नऊ."

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. कारखाना वाढला, बायका फोडायच्या त्या जागी निम्मी मशिनं आली. पण तो कागद आठवला की मला अजून शिसारी येते. चीक हातावर सुकला की जसा वास येतो, धुतला तरी जात नाही, तशी.

चीक म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. आजऱ्याकडं आमचा काजूचा कारखाना. झाडाचं बी वाफेवर उकडायचं, गार करायचं, मग बायका ओळीनं बसून हातमशीनवर एकेक बी फोडतात. पायानं दाबलं की दोन पाती मिटतात, टरफल फुटतं, आणि आतला गर टोच्यानं काढायचा. अख्खा निघाला तर तो काजू, मोडला तर तुकडा. त्या टरफलातून काळा चीक निघतो. बोटाला लागला तर कातडी जाते. म्हणून बायका हाताला एरंडेल चोळून बसतात. माझ्या डाव्या तळहातावर त्याचा डाग आहे. रुपयाएवढा. लग्न होऊन आले त्याच्या चौथ्या दिवशीचा. मी तो कुणाला दाखवत नाही.

सुरेंद्र माझा एकुलता एक. त्याला मी पाचवीपासून कोल्हापूरला बोर्डिंगात ठेवला, चिकाचा वाससुद्धा लागू नये म्हणून. इंजिनिअर झाला, पुण्याला गाड्यांच्या कंपनीत तीन वर्षं राहिला, आणि वडील गेल्यावर परत आला. येताना ही रेघेची विद्या घेऊन आला.

खोटं कशाला बोलू, पहिली रेघ त्याची खरी होती. चाळीस दिवस तो बॉयलरपाशी घड्याळ घेऊन बसला. किती मिनिटं वाफ दिली आणि किती तुकडा निघाला, रोज लिहून ठेवलं. मग मला समजावून सांगायला त्यानं शेणानं सारवलेल्या जमिनीवर बिया मांडल्या आणि मधून दोरा ताणला.

"सगळ्या बियांतून जाईल अशी रेघ नसतेच," तो म्हणाला. "मग कुठली घ्यायची? प्रत्येक बी दोऱ्यापासून किती लांब आहे ते मोजायचं. त्या लांबीला तिनंच गुणायचं, म्हणजे लांबच्याला जास्त भार येतो. सगळ्यांची बेरीज जिथं कमीत कमी, तो दोरा आपला."

"म्हणजे कुणालाच पुरता न्याय नाही, पण सगळ्यांना मिळून कमीत कमी अन्याय," मी म्हटलं.

त्यानं हातातला दोरा सोडला. "आई, तू शिकायला हवी होतीस."

"शिकले असते तर तुझ्या बापाशी लग्न कोण करणार होतं?"

वाफ चौदा मिनिटांवरून बावीसवर नेली आणि तुकडा खरंच घटला. मी म्हटलं, मग चाळीस मिनिटं दे, तुकडा नाहीसाच होईल. तर तो हसला. म्हणाला, चौदा ते बावीस एवढंच आपण बघितलंय, त्याच्या पुढं रेघ जाते की नाही ते तिलासुद्धा माहीत नसतं. मला ते आवडलं. पोरगं शहाणं आहे असं मी चारजणींत सांगितलं. तो कागद ऑफिसात, सासूबाईंच्या फोटोखाली लावला.

आणि मग ही दुसरी रेघ.

"काय करायचं म्हणतोस?" मी सूप पाखडत विचारलं.

"वीस वर्षांच्या वरच्या सातजणी आहेत. भिंतीकडच्या ओळीतल्या. त्यांना मानानं घरी बसवू. साडी, नारळ, सगळं व्यवस्थित. नजर कमी होते, हात थरथरतो, त्यांचा काय दोष. पण मोडतंय ते मोडतंयच."

कारखान्याच्या दारातून आत शिरलं की समोर भिंत. तिला पाठ टेकून बसायचा मान जुन्या बायकांचा. बाकीच्या उघड्यावर पाठ करून बसायच्या. भिंतीला जागा मिळाली की बाई घरी गोड करायची. आणि भिंतीच्या बरोबर मधल्या पाटावर मल्लव्वा. घरात नवरा नाही, सून तिच्या कामात, पोरगा ट्रकवर, महिन्यातून एकदा तोंड दाखवणार. तो पाट हेच तिचं घर होतं म्हटलं तरी चालेल. सकाळी बॉयलरच्या आधी ती यायची.

"आई, एक विचारतो," सुरेंद्र म्हणाला. कागद त्यानं गुडघ्यावर ठेवला होता. "हे सगळं तेव्हाच खरं, जेव्हा सगळ्यांना बी एकसारखं मिळत असेल. मिळतं ना?"

माझ्या हातातलं सूप थांबलं नाही.

"बॉयलर एकच आहे आपला," मी म्हटलं. "दुसरीकडून कुठून येणार बी?"

त्यानं कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं आणि उठला.

त्याच्या दोन महिने आधी सुरेंद्रचं लग्न ठरलं होतं. मुलीकडची माणसं बेळगावची, वडील प्राध्यापक, आई बोलताना ओठसुद्धा मोजून हलवणारी. कारखाना बघायला म्हणून आली. मी इरकल नेसून पुढं चालत होते, हे बॉयलर, हे ड्रायर, अशी दाखवत होते. चौतीस बायका माना खाली घालून बसल्या होत्या. आणि भिंतीकडून आवाज आला.

"इंदे, विहीणबाई का गं या?"

अख्ख्या कारखान्यात मला इंदे म्हणणारी ती एकटी. सासूबाई गेल्यावर, नवरा गेल्यावर, जगात ती एकटीच. मी ऐकलं नाही असं केलं. पण ती थांबते थोडीच.

"आमची इंदी लई हुशार बगा," ती विहीणबाईंना म्हणाली, हातातलं बी फोडत. "पयल्या हप्त्यात चिकानं हात भाजला तर माझ्या पदरात तोंड घालून रडली. म्हनली, मला म्हायेरला न्हिऊन सोड. मी म्हनलो, गप, सासूनं बगितलं तर दुसरा हात भाजंल."

बायका हसल्या. विहीणबाईही हसल्या, ओठ मोजूनच, आणि त्यांनी माझ्या डाव्या हाताकडं बघितलं. मी हात पदराखाली घेतला.

असो. साडी-नारळाचा कार्यक्रम श्रावणात ठेवला, कारखान्याच्याच अंगणात. सात खुर्च्या मांडल्या होत्या, पण सातजणी खुर्च्यांपुढं जमिनीवर बसल्या. सुरेंद्रनं भाषण केलं. चांगलं केलं. कष्ट, निष्ठा, विश्रांती, असले शब्द. तो कागद त्यानं आणला होता, सगळ्यांना रेघ दाखवली, म्हणजे कुणाला वाटायला नको की मालकानं मनात आणलं आणि काढलं. सगळं कसं उघड, मोजून.

बायका कागदाकडं बघत नव्हत्या. चौतीसच्या चौतीस माझ्याकडं बघत होत्या.

मी ओटी भरायला उठले. सहाजणींची भरली. मल्लव्वापुढं आले तर तिनं पदर पुढं केलाच नाही. तिचे हात मांडीवर होते, एरंडेल लावलेले, काळे, बोटांची टोकं चिकानं सपाट झालेली. कामावर नसतानाही ती सकाळी एरंडेल लावून आली होती.

"इंदे," ती हळू म्हणाली. "सांग की त्याला."

सुरेंद्रनं ऐकलं. "काय सांगायचंय, आई?"

शेवटच्या ओळीतली सुगंधा म्हणून एक पोरगी, वर्षापूर्वी आलेली, तिनं तोंड उघडलं आणि शेजारणीनं तिच्या मांडीला चिमटा काढलेला मी बघितला.

"काही नाही," मी म्हटलं. "मल्लव्वा, पदर पुढं कर. साडी घे."

तिनं मांडीवरचे हात उचलले. मग पदर पुढं केला.

तीन आठवड्यांत तुकडा तेरावरून सतरावर गेला.

सुरेंद्रला वाटलं वाफेचं काहीतरी बिघडलं. त्यानं बॉयलरचा काटा बदलला. बी किती ओलं आहे ते मोजायचं यंत्र आणलं. रोज संध्याकाळी ठिपके काढायचा, रेघ ओढायचा, आणि ठिपके कागदभर उधळलेले असायचे, पक्ष्यांना दाणे टाकावेत तसे. जेवणावर लक्ष नाही, बोलणं नाही. मी समोर ताट वाढायचे आणि ते ताटसुद्धा मला घाण वाटायचं. मला कारण ठाऊक होतं आणि मी त्याला भाकरी वाढत होते.

शेवटी सुगंधानंच सांगितलं. तिचा सगळा गर मोडका निघाला म्हणून तो तिला बोलायला गेला, तर ती पाटावरून उठून उभी राहिली.

"सायेब, भितीचं बी आमाला दिलासा, मग मोडंल न्हाई तर काय हुईल?"

"भिंतीचं बी म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे. जुनं बी. गेल्या सालातलं, न्हाईतर पावसात भिजलेलं. टरफलाला चिकटून बसतंय. ते भितीकडच्या आज्ज्याच फोडायच्या. आमच्या बापजन्मात आमाला जमायचं न्हाई."

मग ते सगळं बाहेर आलं. आमच्याकडची पद्धतच तशी होती, सासूबाईंनी घातलेली. नवी पोरगी आली की तिला नवं, टपोरं बी. आपल्या आपण अख्खं निघतं ते. हात बसला की पुढच्या वर्षी तिच्या पाटीत सूपभर जुनं बी मिसळायचं. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी सूपभर. वीस वर्षं झाली की बाई भिंतीला, तिथं बहुतेक जुनंच, आणि मल्लव्वाच्या पाटीत तर नुसतं जुनं. जे बी दुसऱ्या कुणी फोडलं असतं तर निम्मं मोडलं असतं, ते त्या बायका चोवीसाच्या आत आणायच्या. हाच त्यांचा मान. वहीत ते कुठं लिहिलेलं नव्हतं. वहीत फक्त बाईचं नाव, किती दिलं, किती अख्खं, किती तुकडा. सगळ्यांनाच माहीत असलेली गोष्ट कोण लिहून ठेवतं?

म्हणून तर ती रेघ एवढी सरळ आली. दर वर्षी एक सूप. ती आम्हीच वर्षानुवर्षं ओढत होतो. आणि सासूबाई गेल्यावर रोज सकाळी पाट्यांत सुपं मोजून घालणारी बाई मी होते. दुसरं कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी सुरेंद्रनं टेम्पोत एक हातमशीन, वजनकाटा, दहा किलो नवं बी आणि दहा किलो जुनं बी घातलं आणि मला म्हणाला, "चल."

मल्लव्वाचं गाव तिथून चार मैलांवर. घर कौलारू, पुढं पडवी. आम्ही उतरलो तशी ती पडवीत उभी राहिली. तिनं डोक्यावर पदर घेतला. तीस वर्षांत माझ्यासमोर तिनं डोक्यावर पदर घेतलेला मी बघितला नव्हता.

"या, मालकीनबाई," ती म्हणाली. आणि आत सुनेला हाक मारली, "शेजारनं खुर्ची आण गं. मालकीनबाई खाली बसत न्हाईत."

खुर्ची आली. लाल प्लॅस्टिकची, एक पाय आखूड. मी बसले की डुगडुगायची.

सुरेंद्रनं मशीन पडवीत मांडलं. "मावशी, मला एवढं फोडून द्याल? मला बघायचंय."

तिनं का म्हणून विचारलं नाही. बाटलीतून एरंडेल घेतलं, हाताला चोळलं, बसली. पायाचा ठेका धरला. मी तिच्या बोटांकडं बघत होते. ती बी पात्यांत ठेवण्याआधी अंगठ्यानं एकदा फिरवायची, बियाची शीर कुठं आहे ते बघायला. मला तिनंच शिकवलं होतं ते. माझा हात धरून. थरथर कसली, गवंड्याच्या ओळंब्यासारखा हात तिचा.

दोन-अडीच तासांत झालं. सुरेंद्रनं वजन केलं, कागदावर लिहिलं, परत वजन केलं.

"जुन्या बियात शंभराला चोवीस," तो म्हणाला. कुणाला सांगत होता कोण जाणे. "नव्या बियात तीन. काल पोरींचं केलं होतं. त्यांचं नव्यात नऊ, जुन्यात एक्केचाळीस."

तो उकिडवा बसला होता तसाच माझ्याकडं वळला.

"आई, मी तुला विचारलं होतं. सगळ्यांना बी एकसारखं मिळतं का."

"विचारलं होतंस."

"तू मला बॉयलरचं सांगितलंस."

इतक्या माणसांना मी आयुष्यभर ऐकवलं, सासऱ्यांना, दलालांना, तहसीलदाराला. त्या पडवीत मी नुसतं कोपऱ्याकडं बघितलं. तिथं आम्ही दिलेली साडी होती, घडी न मोडलेली, वर गव्हाचा डबा ठेवलेला.

मल्लव्वा हाताचं तेल फडक्याला पुसत होती. तिनंच बोलायला सुरवात केली.

"धाकले मालक, त्यांच्या ध्यानातनं गेलं असंल. किती कामं असत्यात त्यांस्नी. एवडं सूपभर बियाचं कोन ध्यानात धरतंय." आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "व्हय का न्हाई, मालकीनबाई?"

सुरेंद्र माझ्या तोंडाकडं बघत होता. नको होता मला तो आधार. तरी तो मी घेतला.

"हो," मी म्हटलं. "ध्यानातूनच गेलं."

सुरेंद्रनं मान हलवली. त्याला पटलं की नाही हे मी चौदा वर्षांत त्याला विचारलेलं नाही. त्यानंही कधी काढलं नाही. फक्त त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढला, बी कुठलं ते लिहायचा, आणि तो रकाना तो स्वतः भरतो. मला विचारून नाही.

सातांतल्या पाचजणी पुढच्या आठवड्यात परत आल्या. एक लेकीकडं निघून गेली होती. मल्लव्वाला मी तिथंच, त्या पडवीत म्हटलं, "सोमवारपासून ये. पाट तुझाच आहे."

"बगतो," ती म्हणाली. "हात लई दुकत्यात आता, मालकीनबाई."

समोर तिनं फोडलेला गर होता, सुपात, अख्खा, पांढरा. ती आली नाही. मधला पाट मी कुणाला दिला नाही, पण त्याला काय अर्थ आहे. पाट रिकामा ठेवायला अक्कल लागत नाही.

त्या दिवशी पडवीत मी खुर्चीतून उठायला गेले तर ती आखूड पायावर कलंडली आणि माझा तोल गेला. मल्लव्वा पटकन वाकली. मला वाटलं ती माझा हात धरेल. तिनं खालचं एक रिकामं टरफल उचललं, खुर्चीच्या आखूड पायाखाली सरकवलं, खुर्ची हलवून बघितली.

"आता हलायची न्हाई," ती म्हणाली. "बसा. च्या ठेवलाय."

मी बसले.